अनुपस्थित कुत्री

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी प्रांतपालांच्या बैठकीत जाहीर झालं की आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत, थुंग काओ विहाराच्या आवारात, चारशे एक्कावन्न कुत्री राहतात. प्रत्यक्षात तिथे एक्केचाळीस होती.

आकडा ओराथायच्या अहवालातून गेला होता. आरोग्य विभागाच्या नोंदी तीच सांभाळते. प्रांताने अहवालाचा नवा नमुना पाठवला होता. त्यात प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने होते, ‘या महिन्यात’ आणि ‘वर्षारंभापासून’. आमचं सरकारी वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. ओराथायने डेटाबेसमधून महिन्यामहिन्याचे आकडे उचलून त्यांची बेरीज करणारी क्वेरी लिहिली. कचऱ्याचं वजन, बदललेले दिवे, फवारलेली गटारं, सगळं चोख आलं. कुत्र्यांची मात्र दर महिन्याला फक्त मोजणी व्हायची. नसबंदी झालेली तीच एक्केचाळीस कुत्री अकरा महिने मोजली गेली आणि संगणकाने इमानाने त्यांची बेरीज केली.

चूक तिच्या लक्षात आली तोवर मुख्याधिकारी थनाकोर्न प्रांतपालांना चढता आलेख दाखवून आले होते.

“साहेब, बेरीज चुकलीय. ती एक्केचाळीसच आहेत.”

“आता सांगतेस? प्रांतपाल सगळ्यांसमोर म्हणाले, थनाकोर्न, तुमची नजर बारीक आहे. आता परत जाऊन काय सांगू? एकेक कुत्रं अकरा वेळा पाहिलं म्हणून?”

“दुरुस्तीचं पत्र मी लिहिते. चूक माझी म्हणून लिहिते.”

“नाव तुझं, पण तोंड माझं. वर्ष संपेपर्यंत त्या क्वेरीला हात लावायचा नाही.”

प्रांताचा नियम असा होता की एका जागी चारशेच्या वर कुत्री आढळली तर सगळीच्या सगळी हलवायची. त्यांना दोन प्रांत पलीकडच्या निवाऱ्यात न्यायचं ठरलं. गाड्या वीस तारखेला येणार होत्या. नसबंदीनंतर या कुत्र्यांना ओराथायने एकेक करून मांडीवर घेऊन भात भरवला होता. तीन पायांच्या ताओहूला तर तिनेच रस्त्यावरून उचलून विहारात आणलं होतं. तो त्या निवाऱ्यात आठवडाभरही तगणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

आधी तपासणी झाली. प्रांतातून विपावी नावाच्या अधिकारी आल्या. त्यांनी दोनदा मोजलं.

“बाकीची कुठे आहेत?”

“नाहीतच,” ओराथाय म्हणाली.

“दुपारची रानात जातात,” थनाकोर्न घाईघाईने म्हणाले. “भारी भटकी जात.”

विपावींनी शेरा लिहिला: ‘तपासणीच्या वेळी चारशे दहा कुत्री अनुपस्थित.’

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्षापात्रात चिकट भात वाढून झाल्यावर ओराथाय विहाराच्या प्रमुखांसमोर बसली. गावात सगळे त्यांना लुआंग फो, म्हणजे पूज्य बाबा, म्हणतात.

“लुआंग फो, ऑक्टोबर लागेपर्यंत गाड्या थांबायला हव्यात.”

“ऑक्टोबरात काय आहे, पोरी?”

“वर्ष बदलतं. ‘वर्षारंभापासून’चा रकाना शून्यावर येतो. मग एक्केचाळीसच उरतील.”

“म्हणजे संगणकालाही पुनर्जन्म आहे तर!” लुआंग फो म्हणाले आणि ताओहूचा कान खाजवू लागले.

वीस तारखेला पिंजऱ्यांच्या सहा गाड्या फाटकापाशी लागल्या. लुआंग फो पायरीवर बसले होते आणि ताओहू त्यांच्या पायाशी पसरला होता.

“वर्षावास चालू आहे,” ते म्हणाले. “या तीन महिन्यांत आम्ही विहार सोडून कुठे मुक्कामाला जात नाही.”

“भिक्षूंना कोण जा म्हणतंय?” थनाकोर्न म्हणाले. “आम्ही फक्त कुत्री नेतोय.”

“तीही इथेच जेवतात, इथेच झोपतात. प्रवचनाला तुमच्यापेक्षा नियमित असतात. वर्षावास संपला की या.”

थनाकोर्न यांची आई प्रार्थनागृहाच्या दारातून पाहत होती. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने तर आधीच हात जोडले होते. गाड्या रिकाम्या परतल्या.

सप्टेंबरअखेर कुत्री पुन्हा एकदा मोजली गेली आणि अहवालात चारशे ब्याण्णव झाली. एक ऑक्टोबरला ओराथायने नव्या वर्षाची पहिली मोजणी केली: या महिन्यात एक्केचाळीस, वर्षारंभापासून एक्केचाळीस. लगेच तिने क्वेरी बदलली. कुत्र्यांपुढे आता बेरीज येणार नव्हती, फक्त शेवटची मोजणी येणार होती. या वेळी थनाकोर्न यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

वर्षावास संपल्यावर गाड्यांसाठी नवा अर्ज गेला. अर्जासोबत चालू आकडा जोडावा लागतो. एक्केचाळीस हा आकडा चारशेच्या वर नव्हता. अर्ज फेटाळला गेला.

नोव्हेंबरात प्रांतपालांचं अभिनंदनाचं पत्र आलं. एका महिन्यात साडेचारशे कुत्र्यांची घट प्रांतात कुणीच साधली नव्हती. पत्र थनाकोर्न यांनी चौकट करून टेबलामागे लावलं. पाठोपाठ विपावी पुन्हा आल्या. ही पद्धत इतर नगरपालिकांना शिकवायची होती.

“कसं केलंत?” त्यांनी ओराथायला विचारलं.

“वर्ष बदललं,” ओराथाय म्हणाली.

विपावींना ते पटलं नाही. त्या विहारात गेल्या. ताओहू पायरीवर ऊन खात होता.

“लुआंग फो, ती बाकीची कुत्री कुठे गेली?”

“ती कधी नव्हतीच.”

विपावींनी हात जोडले आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग पर्समधून पेन काढून त्यांनी ते वाक्य उतरवून घेतलं.