पानोपानी माझं नाव

"सर, कोणतं पुस्तक वाचू?" असं कुणी विचारलं की मला थकवा यायचा. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, बँकेच्या वरच्या मजल्यावर मी चौदा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. शंभरदा तरी फळ्यावर प्रोग्रॅमिंगच्या चांगल्या पुस्तकांची नावं लिहिली असतील. पोरं ती वहीत उतरवून घ्यायची आणि जिना उतरता उतरता विचारायची, "सर, याचं गाईड न्हाई का?"

२००७ साली मी पहिल्यांदा इंटरनेटवरून पुस्तक विकत घेतलं, कॉम्प्युटरवर वाचायची फाईल. कार्ड पुण्याच्या मेव्हण्याचं. पण ते पुस्तक कुलपाचं निघालं. ज्या मशीनवर पहिल्यांदा उघडलं, त्याच मशीनवर उघडायचं. महिन्याभरात त्या मशीनमध्ये व्हायरस शिरला, ते साफ करावं लागलं, आणि माझं पुस्तक मलाच उघडेना. कंपनीला तीन पत्रं लिहिली. एकच उत्तर तीनदा आलं. डोकं उठलं माझं.

मग दुसऱ्या एका प्रकाशकाचं सापडलं. तो कुलूप लावत नव्हता. कितीही मशीनवर उघडा, फक्त दर पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव छापून यायचं. बारीक इंग्रजी अक्षरात, पानोपानी : राधाकिसन तातेराव शिंगाडे यांच्यासाठी. वडिलांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. मतदार यादी सोडली तर त्यांचं नाव कुठं छापून आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी पहिल्या दिवशी धडा वाचलाच नाही, नुसती पानं उलटत बसलो.

त्याच सुमारास बेबीनंदा क्लासला आली. बदनापूरहून रेल्वेनं यायची. बारावीनंतर लग्न, मग सहा वर्षं घर आणि शेत. बियाण्याच्या एका कंपनीला ऑफिसातले प्रोग्रॅम सांभाळणारं माणूस हवं होतं आणि तिनं अर्ज करून टाकला होता. नवऱ्यानं सांगितलं होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाहीतर क्लास बंद. तिनंही विचारलं, कोणतं पुस्तक वाचू? मी सवयीनं त्या नव्या पुस्तकाचं नाव सांगितलं, त्याला कुलूप नाही हेही.

"पेनड्राइव्हवर द्या की मंग," ती म्हणाली. "त्याला कुलूप न्हाई म्हणता ना?"

"कुलूप नाही म्हणूनच देता येत नाही. त्यांनी विश्वासावर दिलंय."

तिनं जरा विचार केला. "बराबर हाय," म्हणाली.

वाचायचं तर इथं बसून वाच, असं सांगून मी तीन नंबरच्या मशीनवर फाईल ठेवली. ती रोज बॅचच्या तासभर आधी यायची आणि वहीत लिहीत बसायची. चौदा वर्षांत सांगितलेलं पुस्तक खरंच वाचणारं हे पहिलंच माणूस. मला बरं वाटायचं, पण तसं तिला कधी बोललो नाही.

दोन महिन्यांनी प्रश्नपत्रिका घेऊन मी खालच्या संपतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवर स्पायरल लावलेले जाडजूड गठ्ठे पडले होते.

"सर, तुमचं पुस्तक लई चालून राह्यलं," संपत म्हणाला. "हे बारावं."

"माझं?"

"मंग? पानोपानी नाव हाय तुमचं. लोक म्हणतेत, जालन्याच्या माणसानं इंग्रजीत पुस्तक लिव्हलं!"

कुणी आणलं विचारलं, तर त्याच्या ध्यानात नव्हतं. पेनड्राइव्हवर आल्तं म्हणे. मी जिना चढलो तोच तापलेला. पुस्तकाचं कुणाला माहीत होतं? एकीलाच. भर बॅचसमोर मी बेबीनंदाला म्हणालो, "विश्वासानं वाचायला दिलं, तर चोरी केलीस?"

तिनं वही माझ्या टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि गेली.

क्लास सुटल्यावर वही उघडली. दोनशे पानं भरली होती. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ, कंस न् कंस तिनं उतरवला होता. आणि दर पानाच्या तळाशी, तिच्या गोल अक्षरात, माझं पूर्ण नाव. वडिलांसकट. पुस्तकात होतं म्हणून तिनं तेही उतरवलं होतं. ज्याच्याजवळ पेनड्राइव्हवर पुस्तक आहे, ते माणूस दोनशे पानं हातानं कशाला लिहील? मी तीन नंबरचं मशीन लावलं. फाईल समोरच होती. दिवसभरात त्या मशीनवर पाच बॅचेस बसायच्या. उघड्यावर मीच ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी बदनापूर गाठायला हवं होतं. नाही गेलो. लाज वाटत होती, आणि कारणांना काय तोटा? नवी बॅच होती, लाईट जात होती. मेव्हण्याला फोन करून तेच पुस्तक पुन्हा घेतलं, या वेळी तिच्या नावानं, आणि सीडी करून ठेवली. नवव्या दिवशी सीडी आणि वही घेऊन गाडीत बसलो.

ती ओट्यावर तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं पाणी आणलं.

"इंटरव्ह्यू कधी आहे?" मी विचारलं.

"परवा झाला."

"काय विचारलं?"

"पहिलंच विचारलं, प्रोग्रॅमिंगचं कोणतं पुस्तक वाचलं, म्हणून."

"मग सांगितलंस ना?"

"न्हाई." ती सुपातले खडे बघत होती. "तुम्ही म्हणल्ते ना, चोरीचं हाय. नाव घेतलं असतं आन् त्यांनी इचारलं असतं, कुठून आणलं? मंग म्या म्हणलं, कोणतंच न्हाई वाचलं. त्याच्या पुढं त्यांनी काही इचारलंच न्हाई."

मी चूक कबूल केली. सरळ शब्दांत, माफ कर म्हणालो. तिनं मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही. मी सीडी पुढं केली. "यात तुझं नाव आहे. दर पानावर."

तिनं सीडी दोन्ही बाजूंनी पाहिली. "हे माझं हाय?"

"तुझंच. कुलूप नाही. कुठंही उघड."

"घरी मशीन न्हाई, सर. हे उघडाया तुमच्याच क्लासला यावं लागंल." ती हळूच म्हणाली, "आन् माझा क्लास तर बंद झाला."

तिनं सीडी परत माझ्या हातात दिली आणि वही ठेवून घेतली. माझ्या नावाची दोनशे पानं बदनापुरात राहिली. तिच्या नावाचं पुस्तक माझ्या खणात आहे. अजून कुणी उघडलेलं नाही.