जोमोविटची टोपी

“डाक्टर इसरत्याल, आपुन इसरायचं न्हाई. आत गेल्या गेल्या म्हनायचं, लाल बाटली लिवा! मंग सुई बी नको आन गोळ्या बी नको!”

कुरुळीतल्या डॉक्टर मधुसूदन यांच्या दवाखान्यात बाकावरच्या समस्त पेशंटांना हे व्याख्यान देणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, धोतर-सदऱ्यातले होते. डोक्यावर मात्र ‘जोमोविट’ असं छापलेली लालभडक क्रिकेटची टोपी. दारात उभ्या नवनाथने टाय उगाच सारखा केला. त्याच्या शेजारचे निमिषसाहेब मात्र हरखून गेले.

“कोण रे हे? ह्यांना आपल्या कंपनीत घ्या राव!”

“माझे वडील आहेत, सर,” नवनाथ पुटपुटला.

नवनाथ औषध कंपनीचा एमआर. गळ्यात टाय, खांद्याला बॅग, महाळुंग्यापासून चाकणपर्यंतचे दवाखाने पालथे घालायचे आणि जोमोविट नावाचं ताकदीचं औषध डॉक्टरांच्या गळी उतरवायचं, ही त्याची नोकरी. आजूबाजूच्या गावांत धूळ खात पडणारं जोमोविट एकट्या कुरुळीत एवढं का खपतं, ते बघायला साहेब आज पुण्याहून मुद्दाम आले होते. साहेबांचं समाधान झालं की नवनाथला बढती. तसा घास अगदी तोंडाशी आला होता.

आता खप का होता, ते गावात कुणीही सांगितलं असतं. नवनाथच्या वडिलांना, रंगरावांना, पोराचा कोण अभिमान! गावातली बाकीची पोरं कंपनीत शिफ्टला जायची, ह्यांचा नवनाथ टाय लावून डॉक्टरांशी बोलायचा. घरात घड्याळ जोमोविटचं, छत्री जोमोविटची, गोठ्यातल्या कालवडीच्या अंगावरचं फडकंसुद्धा कुठल्याशा मेळाव्यातला जोमोविटचा बॅनर. पोराचं औषध आपण घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं? म्हणून रंगरावांनी सुरू केलं, आणि पारावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनाही करायला लावलं. गोड असल्यामुळे कुणी कुरकुर केली नाही.

डॉक्टर मधुसूदन माणूस वाईट नव्हते हो. निदान अचूक, हात हलका. पण भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम आल्यापासून कंपनीने त्यांच्या केबिनला ‘पेशंटांच्या सोयीसाठी’ एसी बसवून दिला होता, आणि दिवाळीनंतर थायलंडमधल्या फुकेतला ताकदीच्या औषधांवर परिषद होती. सपत्नीक. त्यामुळे मागेल त्याला लाल बाटली मिळायची. साहेबांना बघताच त्यांनी लगबगीने एसी वाढवला, त्यांना आणि नवनाथला केबिनमध्ये बसवलं आणि रंगरावांना आत बोलावलं.

“या रंगराव. चक्कर येते म्हणालात?”

“उगं जरा. उठलं का भिताड फिरतंय.”

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“बीपी फार वर गेलंय. गोळी घेताय ना रोज?”

“बंद केली की!” रंगराव खुशीत म्हणाले. “दोन-दोन औषधं कशापायी? नवनाथचं हाय ना चालू. मी बंद केली, पारावरच्या दत्तोबानं बी केली. त्येची तर साखरंची व्हती.”

डॉक्टरांनी नवनाथकडे पाहिलं, नवनाथने साहेबांकडे, आणि साहेबांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे असं काही निरखून पाहिलं, जणू परीक्षेला येणार होतं. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे कसंय रंगराव, जोमोविट उत्तमच. त्याच्या जोडीला गोळीही...”

“बरोबर! जोडीला!” साहेब लगेच म्हणाले. “दोन्ही चालू ठेवायचं, काका.”

“आन मंग ह्येनं बीपी का न्हाई उतरलं?” रंगरावांनी विचारलं. “गोळी चांगली का आमच्या पोराचं चांगलं? एक काय ते सांगा. पारावरची मानसं मला इचारत्यात.”

डॉक्टर पॅड चाळू लागले, साहेब मोबाइल काढून बसले. नवनाथच्या डोळ्यांपुढे पार आला. आपल्या टायकडे बघून विश्वास ठेवणारी ती सगळी म्हातारी माणसं आली, आणि दत्तोबाकाकांची साखर आली. त्याला दरदरून घाम फुटला, भर एसीत. साहेबांनी त्याच्या बुटावर बूट ठेवला.

“अण्णा, साखरेचा पाक आहे तो,” नवनाथ म्हणाला. “रंग आहे, वास आहे, नावापुरतं जीवनसत्त्व आहे. त्यानं बीपी उतरत नाही. दत्तोबाकाकांना तर ते विषासारखं आहे. गोळीच घ्यायची.”

“नवनाथ!” साहेब ओरडले.

रंगराव पोराकडे वळले. “मंग तू येवढी वर्सं काय इकतोयस?” त्यांनी विचारलं. नवनाथने गळ्यातला टाय सैल केला.

साहेब ‘उद्या ऑफिसला ये’ एवढंच म्हणून गाडीत बसले. डॉक्टरांनी मान खाली घालून गोळ्या लिहून दिल्या आणि उठून एसी बंद केला. बाप-लेक मोटारसायकलवरून निघाले. एरवी मागे बसून रस्त्यातल्या प्रत्येकाला हाक मारणारे रंगराव आज चकार शब्द बोलले नाहीत. बढती गेली, नोकरीही जाईल, ह्याचं नवनाथला फारसं काही वाटेना. अण्णा बोलत नव्हते, हे मात्र त्याला सहन होत नव्हतं.

पारापाशी रंगरावांनी खांद्यावर थाप मारली. गाडी थांबली.

“आला लाल बाटलीवाला!” दत्तोबा ओरडला. “आरं, माजी संपली. सांग की नवनाथला.”

“संपली त्ये बरं झालं,” रंगराव म्हणाले. “पाक हाय निस्ता. आजपासनं समद्यांनी आपापल्या गोळ्या घ्यायच्या. दत्तोबा, तू उद्या रगत तपासाय चल. म्या न्हेतो.”

पारावर जो हशा पिकला! “म्हंजी तुजं पोरगं पाक इकतंय व्हय रं?” दत्तोबाने डोळे पुसत विचारलं.

नवनाथने गाडीचं हँडल घट्ट धरलं.

“इकत व्हतं,” रंगराव म्हणाले. “डाक्टर बोलंना, त्येचा सायेब बोलंना. ह्यो बोलला. नोकरीवर पानी सोडून बोलला माजा पोरगा.”

त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात कोंबली. मयतीशिवाय रंगरावांचं बोडकं डोकं गावाने कधी पाहिलं नव्हतं. हशा थांबला. दत्तोबाने आपल्या खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्याकडे सरकवला.

रंगरावांनी तो डोक्याला गुंडाळला आणि मोटारसायकलच्या मागे येऊन बसले.

“चल,” ते म्हणाले. “गोळी ऱ्हायलीय माजी.”