न घासलेला दाणा

मी क्लोव्हरचा एक जुना दाणा आहे, मित्रांनो. खरं तर आता माझं झुडूप झालंय, पण सवयीने स्वतःला दाणाच म्हणतो. क्लोव्हर म्हणजे गुरांचा तीन-तीन पानांचा चारा. त्यात माझी जात कमी पाण्यावर तगणारी. एवढंच मला माझ्याबद्दल नक्की ठाऊक आहे. बाकी सगळा गोंधळच!

आमचं कवच फार टणक. म्हणून पेरणीआधी शेताच्या मालकीणबाई, म्हणजे घरातल्या सासूबाई, आम्हाला दोन पॉलिशपेपरांमध्ये घासायच्या. ओरखडे पडले की पाणी आत शिरतं आणि कोंब चटकन फुटतो. त्या वर्षी हे काम त्यांनी सुनेवर सोपवलं. तिचं निम्मं बी घासून झालं, तेवढ्यात तांबडी गाय दावं तोडून पळाली. तिला बांधून सून परतली, तर घासलेलं कुठलं नि राहिलेलं कुठलं तेच तिला आठवेना. दिलं सगळं एकत्र करून!

पेरताना मी सासूबाईंच्या बोटांना गुळगुळीत लागलो.

"अगं बाई, हे तर तसंच राहिलंय!"

"आई, तांबडीच्या मागे धावत होते हो मी."

"बरं, पेरू आता. उगवेल तेवढं उगवेल."

थोडा पाऊस झाला. शेजारचे दाणे भराभर उगवले, त्यांचं कौतुक झालं. मी आपला मातीत ढिम्म. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पावसाने दडी मारली आणि ते कोवळे कोंब करपून गेले. म्हणजे मी आळशी की शहाणा? मला अजून कळलेलं नाही.

वैरण संपत आली. "तांबडीला विकावं लागणार," सासूबाई म्हणाल्या. सून त्या दिवशी जेवली नाही.

इकडे दिवसा तापून, रात्री गारठून माझं कवच ढिलं पडलं होतं. पुन्हा पाऊस आला आणि काय झालं कोण जाणे, मी फुटलो! न घासलेले कितीतरी दाणे फुटले. पुढे ऊन तापलं, पण तोवर आमची मुळं खोल गेली होती.

"राहू दे तांबडी," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही निम्मंच घासू."

"म्हणजे मी विसरले ते बरंच झालं ना, आई?"

"तसं नाही म्हटलं हं मी!"

आणि तांबडी? तिने मोकळी सुटताच पहिला घास माझाच घेतला. रागावू की हसू, मला कळेना. पण बुडख्यातून पुन्हा पानं आली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हाला कापा, पण चार बोटं बुडखा ठेवा. आणि उगवायला उशीर झाला तर लगेच नांगर घालू नका. आत कुणीतरी अजून गोंधळलेलं असतं.