पुडीतला पांढरा कण

रंगवाल्याची बायको तीन जिने एका दमात चढून आली आणि पुडीबाबांच्या दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. आठवड्यापूर्वी तिला दोघांनी धरून आणलं होतं. कित्येक महिने अशक्तपणा, उलट्या. हिरड्या नि बोटांचे सांधे काळवंडलेले. भातावर मीठ घ्यायची ते मूठभर. बाबांच्या पुडीतल्या राखेनं ती उभी राहिली होती.

"आतला काळोख बाहेर पडतोय!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता सात दिवस पुडी बंद. श्रद्धेची परीक्षा!"

रंगवाला चुळबुळला. "गुण येतोय, तर बंद का?"

"दादा, तोंड आवर," त्याची बहीण कुजबुजली. "तुझ्या शंकांनीच वहिनी आजारी पडली."

तिसऱ्या सकाळी बायको न्हाणीच्या दारात कोसळली. अंग गार, जीभ जड. शेजारी गाडी काढायला धावला. तेवढ्यातही रंगवाल्याचे हात स्वस्थ बसेनात. दुकानात रंगाची कुठलीही भुकटी आली, की तो ती आधी काचेवर सुरीनं घोटायचा. भेसळ तिथंच उघडी पडते. उरलेली पुडी त्यानं तशीच घोटली. राख पसरली, पांढरे कण खरखरले. एका तुकड्यावर गोळीच्या मधली रेघ होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त घेतलं, सुई टोचली, सलाईन लावलं; मग रंगवाल्यानं सोबत आणलेली काच पाहिली. दोन दिवसांनी तपासणीचे कागद आले.

"मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. हिच्या ग्रंथींना सूज आहे. शरीर स्वतःच त्यांच्यावर उलटलंय. त्यांचा रस आटला, तो स्टिरॉइडच्या गोळीनं भरून निघतो. राखेत तीच गोळी कुटलेली होती. एकदम तोडली, की माणूस कोसळतो. पुन्हा दिली, की उठतो. एकाच गोळीत दोन चमत्कार!"

"पण बाबांचा गुण तर आला ना?" बहीण हट्टानं म्हणाली.

"गुण गोळीचा, नाव बाबांचं. आणि जीव जात होता तुमच्या वहिनीचा."

दुसऱ्या दिवशी बहीण तीच काच घेऊन बाबांकडचे जिने चढली.

"पाप्यांनाच राखेत कण दिसतात," बाबा गरजले.

"मग मी पापी!" तिनं गर्दीकडे तोंड केलं. "बरं वाटलं, इथंच आपण थांबतो. कशानं वाटलं, ते विचारतच नाही. पुडी बंद करायला आणखी कुणाकुणाला सांगितलंय?"

पाच हात वर झाले.

"आधी दवाखान्यात चला," ती म्हणाली. "परीक्षा मग घेऊ. बाबांची."