अडकलेलं बटण

मी एक जुनी खोळ आहे, मित्रांनो. उशीची नव्हे, पोलिसाच्या पिस्तुलाची. जाड चामड्याची, कमरपट्ट्यात ओवलेली, वर एक पट्टी आणि त्या पट्टीला पितळेचं बटण. अंगठ्याने बटण उघडलं की पिस्तूल हातात. एवढंच माझं काम. सध्या चौकीतल्या पत्र्याच्या कपाटात, फाटक्या मोज्यांखाली पडून आहे. म्हणून तुम्हाला सांगत बसले.

मला शिवणारी बाई एरवी घोड्यांची खोगिरं शिवायची. शेवटचा टाका घालून तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "छान झालीस गं. देव करो नि तुला कधी काम न पडो." मला रागच आला. काम नको म्हणजे काय!

अमेरिकेत, मिसूरीतल्या नदीकाठच्या एका गावात वेंडेल क्राउझ नावाच्या नव्या शिपायाच्या कमरेला मी लागले. पोरगा मनाने वाईट नव्हता. त्याला शिकवायला गाडीत शेजारी बसायचा गॉर्मन, केस पिकलेला जुना हवालदार.

"पोरा, माणसाचं तोंड नंतर बघ. आधी हात बघ. तोंड कुणाला मारत नाही."

"आणि हात रिकामे असले तर?"

"माझ्या जोडीदारालाही रिकामेच वाटले होते," गॉर्मन म्हणाला. "त्याला पुरून आलो. आणि हे बघ, खोळीला रोज तेल लाव. लोण्यातून सुरी निघावी तसं पिस्तूल निघालं पाहिजे."

त्याचंही खोटं नव्हतं हो. या देशात बंदूक कुणाच्या गाडीत निघेल, कुणाच्या पर्समध्ये, काही नेम नाही. पण मग भीती सगळ्यांची सारखीच वाटायला हवी की नको?

एकदा हॉफर नावाचा गोरा शेतकरी भरधाव गाडी हाकताना सापडला. पाठीमागे हरणं मारायची लांबलचक बंदूक उघडी टांगलेली. वेंडेलने खिडकीवर कोपर टेकलं. "काय काका, विमान चालवताय का? यंदा हरण मिळालं की नाही?"

"एक मिळालं. तेही बहुतेक आंधळं असणार!"

दोघं खो खो हसले. अंगठा माझ्याकडे फिरकलासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एका काळ्या मास्तरांना थांबवलं. गाडीत वह्या आणि पावाची पिशवी. तर वेंडेल गाडीतून उतरतानाच अंगठा माझ्या बटणावर, आणि तळहात घामाने ओला. मी चामडं आहे, मला घाम लगेच कळतो. तुझ्या मनात काळं-गोरं आहे का, असं त्याला विचारलं असतं तर तो शपथेवर नाही म्हणाला असता. त्याला ते खरंही वाटत होतं. पण अंगठा माझ्या अंगावर होता, मित्रांनो, त्याच्या मनावर नव्हता.

मग नदीला पूर आला. वेंडेल गढूळ पाण्यात कमरेइतका उभा राहून माणसं बाहेर काढत होता. एका काळ्या म्हातारीला त्याने पाठंगुळीला घेतलं. ती कानाशी ओरडत होती, "हळू रे मेल्या, माझे गुडघे!" आणि तो हसत होता. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात कामात होते आणि भीती कुठे गेली होती कोण जाणे. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण घरी आल्यावर त्याने मला तशीच ओलीचिंब शेगडीपाशी फेकली. माझं चामडं आखडलं. बटणावर हिरवा कळंक चढला. तेलाचं नाव नाही. काय ही हेळसांड, म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत होते.

आणि तो रविवार उजाडला. भर दुपारी एका गाडीचा मागचा दिवा बंद दिसला, म्हणून वेंडेलने ती थांबवली. जाताना गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्याने पंजा टेकवला. ही इथल्या पोलिसांची रीत. आपण मेलो तर निदान बोटांचे ठसे राहतील! बंद दिव्याबद्दल बोलायला जाताना मरायची तयारी.

गाडीत लूशियस टॉलिव्हर होता. शाळेची बस चालवणारा, साठी उलटलेला काळा माणूस. शेजारी मुलगी ओडेसा, तिच्या मांडीवर चर्चमधून आणलेला तळलेल्या माशांचा डबा. लूशियसने काच आधीच खाली केली होती. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, बोटं फाकवून. काळ्या घरांत पोरांना गाडी शिकवायच्या आधी हे शिकवतात. म्हणजे मरायची तयारी दोन्हीकडे होती.

"परवाना दाखव."

"मागच्या खिशात आहे, साहेब. उजवा हात खाली नेतो. नेऊ?"

"ने."

हात सावकाश खाली गेला. पलीकडच्या काचेशी गॉर्मन उभा होता. त्याला हे बोलणं ऐकू गेलं नव्हतं, आणि ओडेसाच्या आडून त्याला फक्त मागे जाणारं कोपर दिसलं.

"हात! वेंडेल, त्याचा हात बघ!"

'ने' असं वेंडेलच म्हणाला होता. पण त्या ओरडण्यासरशी तो ते विसरला. अंगठा माझ्यावर आदळला. बटण उघडेना. त्याने हिसका दिला. पुन्हा दिला. माझे टाके करकरले, पण आखडलेलं चामडं आणि कळंकलेलं पितळ, हलतंय कशाला!

"बाबा, हलू नका! बाबा!" ओडेसा किंचाळली. मासे तिच्या पायांशी सांडले.

लूशियसचा हात वर आला. डोक्याच्याही वर. त्यात एक तपकिरी पाकीट होतं.

वेंडेलचं नख उलटून रक्त येत होतं.

"साहेब," लूशियस म्हणाला, "ने, असं तुम्हीच म्हणालात."

"हो. मीच म्हणालो." वेंडेलने अंगठा माझ्यावरून काढला. "तुम्ही... तुम्ही जा."

पण लूशियसने किल्ली फिरवली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बटण अडकलं तुमचं. मी बघत होतो. आज माझी मुलगी बापाला घेऊन घरी जातेय ती त्या बटणामुळे. तुमच्यामुळे नाही."

"चला ना, बाबा," ओडेसा रडत म्हणाली.

चौकीत सगळ्यांनी विचारलं, बटण का अडकलं. अंगठा तिकडे गेलाच का, हे कुणी विचारलं नाही. गॉर्मन तर उसळलाच. "तेल लावायला काय होतं तुला? तो खरंच गुंड असता तर आज तुझी मयत असती!"

"पण तो नव्हता."

"नशीब म्हण."

"कुणाचं?" वेंडेलने विचारलं. गॉर्मन टोपी घालून बाहेर निघून गेला.

मला कमरेवरून काढलं. माझ्या जागी नवी खोळ आली, टणक प्लास्टिकची. तिला बटणच नाही. वेंडेल मधूनच कपाट उघडतो, माझं बटण उघडायला बघतो. ते उघडत नाही. तो दार लावून घेतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मी नाही म्हणणार. ती क्षणभराची अडकाठी माणसाच्या मनात असायला हवी होती, ती माझ्या कळंकात निघाली, याची मला लाज वाटते. कुणाचा जीव असा गंजलेल्या बटणावर सोडू नका हो.

कपाटाशी शिपाई गप्पा मारतात, ते कानावर येतं. लूशियस टॉलिव्हर अजून दर रविवारी त्याच रस्त्याने चर्चला जातो. आणि वेंडेलची नवी खोळ फार झटपट उघडते, सगळे तिचं कौतुक करतात.