पाठीमागे दुमडलेल्या चार ओळी

जरा मान वर करा. घड्याळाच्या डावीकडे, पंख्याच्या बटणांच्या वर. हां, मीच बोलतेय. ही रिकामी फ्रेम. आत फोटो नाही, प्रमाणपत्र नाही, नुसती काच आणि तिच्यामागे तपकिरी पुठ्ठा. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अहो, हिच्यात काहीतरी लावा की!" माझ्या मालकांचा धंदाच फ्रेमा करण्याचा आणि त्यांच्याच घरात ही अशी मोकळी चौकट, याची लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही. मी रिकामी का आहे हे मला माहीत आहे, आणि त्यात माझाही थोडा दोष आहे.

माझा जन्म मालकांच्या दुकानातला. आधी मी एक लांबलचक लाकडी पट्टी होते, माणसापेक्षा उंच, गडद रंगाची, कडेला बारीक नक्षी. मालकांनी मला चार ठिकाणी तिरकं कापलं, सरस लावून कोपरे जुळवले आणि दोरीने आवळून दिवसभर ठेवून दिलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कोपरे असे बसले की आजही त्यांत नख शिरत नाही. त्याचा मला थोडा तोरा आहे, चालवून घ्या.

जिथे आम्ही पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या असायचो, तिथेच मालकांची मुलगी खेळायची. काटकुळी, वयाच्या मानाने उंच. एकदा ती आमच्यात लपली आणि मालकांना अर्धा तास सापडलीच नाही. तेव्हापासून तिचं नाव 'पट्टी' पडलं. शाळेतून आली की ती दुकानात बसायची. जुन्या फोटोंवरची धूळ मऊ ब्रशने काढायची, फाटलेल्या कोपऱ्याला मागून पातळ कागदाचं ठिगळ लावायची. ठिगळ असं बसायचं की गिऱ्हाईक फोटो उजेडात धरून शोधत राहायचं.

दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कागद मापायचा, वाचायचा नाही. लोक काय काय घेऊन येतात! कुणाच्या नवऱ्याचं शेवटचं पत्र, कुणाचा माफीनामा. मालक म्हणायचे, "कागद आपल्या हातात आला म्हणून आपला होत नाही." इतक्या वर्षांत त्यांची नजरच तशी तयार झाली होती. समोर कागद आला की त्यांना अक्षरं दिसायची नाहीत, लांबी, रुंदी आणि समास तेवढा दिसायचा. मला त्यांचा हा गुण फार आवडायचा. याच गुणाने घात केला.

माझं पहिलं घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. त्यांचं मानपत्र मी नऊ वर्षं पोटाशी धरलं. पाहुणे माझ्यासमोर उभे राहायचे, "वा!" म्हणायचे आणि माझ्या काचेत बघून केस सारखे करायचे. एकानेही ते मानपत्र शेवटपर्यंत वाचलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की एकदा फ्रेममध्ये गेलेलं कुणी वाचत नाही, फक्त बघतं. मुख्याध्यापक गेले. मुलाने मानपत्र काढून ठेवून घेतलं आणि मला दुकानात परत आणून दिलं. "काच चांगली आहे, उपयोगी पडेल," म्हणाला. पुढे कित्येक महिने मी वरच्या फळीवर धूळ खात पडले.

मग एक दिवस पोस्टमन दुकानात जाडजूड पाकीट देऊन गेला. पट्टीने दोन विद्यापीठांत अर्ज केले होते, त्यातल्या मोठ्या विद्यापीठाचं ते उत्तर. मोठं म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं, बसने दोन तासांवरचं. जुने कागद आणि चित्रं जतन करण्याचं शास्त्र तिला शिकायचं होतं आणि त्यासाठी तिथला विभाग प्रसिद्ध होता. पट्टी परीक्षेला गेली होती. पाकिटावरचा शिक्का बघून मालकांना राहवेना. त्यांनी पाकीट उघडलं. पहिला शब्द 'अभिनंदन' दिसला, आणि ते तिथेच थांबले. पाकीट उघडण्याइतका त्यांचा धीर सुटला, पण वाचण्याइतका नाही. कागद मुलीचा होता ना!

पण मापायला कुणाची मनाई नव्हती. त्यांनी वर बघितलं आणि मला खाली उतरवलं. दुकानातली सगळ्यात देखणी फ्रेम मीच, हे मी नाही, तेच म्हणाले. पत्र माझ्यापेक्षा चार बोटं लांब निघालं. कागद कधी कापायचा नाही हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून त्यांनी खालची चार बोटं अलगद मागे दुमडली, वरून काच बसवली, पाठीला पुठ्ठा ठोकला.  दुमडलेल्या भागातल्या चार ओळी आणि त्याखालची सही माझ्या पाठीला टेकली. त्या ओळींत काय आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

संध्याकाळी पट्टी घरी आली तेव्हा मी या भिंतीवर होते. मालक बाजूला उभे, नुसते हसत. तिने वाचलं, उडी मारली, बापाच्या गळ्यात पडली. त्या क्षणी मीही हुरळून गेले होते, कबूल करते.

आठवड्याने दुसरं पत्र आलं. लांबच्या, फारसं नाव नसलेल्या विद्यापीठाचं. तिथे जायला दीड दिवसाचा प्रवास. कागद पातळ, शिक्का पुसट. पण पट्टीने अर्जासोबत एक दुरुस्त केलेला फोटो पाठवला होता, आणि तिथल्या बाईंनी दोन पानं हाताने लिहून कळवलं होतं की ठिगळ कुठे उत्तम बसलंय, कुठे सरस जास्त झालाय, आणि पहिल्या दिवसापासून तुला कोणतं टेबल मिळेल. पट्टी ते पत्र उशाखाली ठेवू लागली. मी भिंतीवर, ते उशाखाली. त्यावरून मी काय ते समजले.

दोन्ही पाकिटांत होकाराचं एकेक कार्ड होतं. एकच भरून सोमवारी टाकायचं होतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे आम्हा फ्रेमांना कुणी सांगायला नको, पण ते दिवस खरंच वाईट गेले. मालक मदत करत होते, म्हणजे दुकानात येईल त्याला विचारत होते. मांजराचा फोटो फ्रेम करायला आलेल्या एका बाईंनीसुद्धा "मोठंच घ्या" असं मत देऊन टाकलं. मालकीणबाई छापखान्यात प्रूफं तपासतात. दिवसभर अक्षरं बघून त्यांचे डोळे चुरचुरायचे, घरी त्या दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा वाचत नसत. त्या म्हणायच्या, "तुझं तू ठरव." आणि मग असा सुस्कारा टाकायच्या की पोरीचं ठरत आलेलं पुन्हा विस्कटायचं.

एका दुपारी घरात कुणी नसताना पट्टी माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले. "तू इथे लटकली नसतीस ना," ती म्हणाली, "तर मी कधीच बोलले असते." मला भिंतीवरून उडी मारावीशी वाटली. चार ओळी पाठीला चिकटवून मी मूग गिळून बसले होते. लाकडाला तोंड नसतं ही सबब आहे, हे मला कळत होतं.

रविवारी तिने मोठ्या विद्यापीठाचं कार्ड भरलं. सही करायची तेवढी बाकी. तिचा चेहरा बघून मालकीणबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

"थांब. आमच्याकडे छपाईला सोडायच्या आधी एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा ऐकतो. दोन्ही पत्रं वाच. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत."

"आई, पाठ झालीत मला."

"पाठ असलेल्यातच चुका राहतात. वाच."

आधी पातळ पत्र वाचून झालं. मग पट्टी खुर्चीवर चढली आणि माझ्यातलं वाचू लागली. अभिनंदन, निवड झाली, विद्यापीठाची थोरवी, वसतिगृहाची माहिती. मग ती गप्प झाली.

"पुढे?"

"संपलं."

"सही कुणाची?"

"सही..." पट्टीने मान वाकडी करून काचेच्या तळाशी बघितलं. "सही नाहीये, आई."

"एवढं मोठं विद्यापीठ बिनसहीचं पत्र पाठवेल?" मालकीणबाई वळल्या. "अहो, इकडे या जरा."

मालक आले. त्यांनी मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ते... खाली थोडं होतं. बसत नव्हतं. मी दुमडलंय."

"काय होतं त्यात?"

"मी वाचलं नाही."

 मालकांनी मला उतरवून टेबलावर पालथं घातलं. मला जोडणारे तेच हात माझ्या पाठीतले खिळे काढत होते, आणि मला एकदाचं सुटल्यासारखं वाटत होतं. पट्टीने घडी उलगडली आणि वाचलं. पहिली दोन वर्षं रसायनशास्त्र. त्यानंतर जतन विभागात जागा शिल्लक असल्यास विचार केला जाईल. हमी देता येणार नाही. खाली सही.

मालक मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे उद्या तू हे कार्ड टाकलं असतंस..." त्यांनी भरलेलं कार्ड बाजूला सारलं. मग म्हणाले, "बरं झालं, वेळेवर कळलं. आता प्रश्नच नाही. त्या दुसऱ्या ठिकाणी जा."

मला वाटलं, सुटलो सगळे. पण पट्टी हलली नाही.

"बाबा, या ओळींमुळे नाही." ती म्हणाली. "या ओळी नसत्या तरी मला तिकडेच जायचं होतं. ते पत्र आलं त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? मी काय तुला अडवलं असतं?"

"तुम्ही हे पत्र फ्रेम केलं होतं."

 मालक माझ्या रिकाम्या काचेवरून बोट फिरवत बसले. पट्टीही चिडलेलीच होती. "आणि मला पट्टी म्हणू नका आता," असं काहीतरी तोडून बोलली आणि आत गेली. कार्ड तिने लांबच्या विद्यापीठाचं भरलं आणि सोमवारी स्वतः जाऊन टाकून आली.

मालकांनी नंतर चाचरत विचारलं, "ते दुसरं पत्र देतेस? छान करून देतो." ती नको म्हणाली. निघायच्या दिवशी ते पातळ पत्र चौघडी करून तिने बॅगेच्या आतल्या खिशात ठेवलं. बापाच्या पाया पडली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. गाडी सुटेपर्यंत मालक तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होते, आणि ते नाव त्यांच्या तोंडी नवंच वाटत होतं, असं मालकीणबाई घरी येऊन म्हणाल्या.

मला मात्र मालकांनी तशीच, रिकामी, पुन्हा इथे टांगलं. का ते त्यांनी सांगितलं नाही. रोज दुकानात जाताना माझ्याकडे बघतात. दुकानातला नियम अजून तोच आहे, पण आता दुमडायची वेळ आली की ते गिऱ्हाइकाला आधी विचारतात म्हणे, "खाली काय लिहिलंय, एकदा वाचून घेता का?"

पाच आठवडे तिचं पत्र नव्हतं. काल आलं. मालकीणबाई चहा गाळत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मोठ्याने वाचा."

मालक माझ्याखाली उभे राहून वाचू लागले. "पहिल्या आठवड्यात रोज रडले. निर्णय चुकला की काय, अजून समजत नाही. इथल्या बाई फार कडक आहेत, माझं ठिगळ तीनदा उचकटायला लावलं. टेबल खिडकीजवळ आहे." ते थांबत थांबत वाचत होते, एकेक शब्द, जन्मात पहिल्यांदा कागद हातात धरल्यासारखे. पान उलटून मागे काही राहिलं नाही ना, तेही बघितलं.

"सही?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मालकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता हे पत्र ते माझ्यात लावतील, असं मला वाटलं. नको, अहो, नको, मी मनात म्हणत होते. इथे आलं की ते कुणी वाचणार नाही. मला रिकामीच राहू द्या.

त्यांनी पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

"आहे," ते म्हणाले. "पट्टी."