खांद्याचं माप

चार्ज सदतीस टक्के.

'कुठे गेलीस? मी वाट बघतेय.'

बाही साडेसतरा, कंबर घट्ट नको, गिऱ्हाईक चिडकं आहे.

'आणि हो, आईला सांगू नकोस.'

मित्रांनो, हे सगळं एकाच वेळी माझ्या पोटात होतं. मी एक जुना टॅब आहे, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या दुकानातला. माझ्या काचेचा एक कोपरा उडालाय आणि अंगावर पडद्याच्या उरलेल्या कापडाचा अभ्रा आहे.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, लोक माझ्यावर सिनेमे बघतील. नशिबी आली मापं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा खांदा, छाती, उंची माझ्यात नोंदलेली. बाई कौतुकाने म्हणायच्या, "हा आहे म्हणून दुकान आहे. माझ्या वह्या उंदरांनीच जास्त वाचल्या!" पुढे त्यांनी नवा फोन घेतला आणि मी रिळांच्या खणात जाऊन पडलो. दोन वर्षांनी मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीने. बारा वर्षांची, काटकुळी. आई तिला टाचणी म्हणते.

टाचणीला माझ्यावर एक मैत्रीण मिळाली. नाव फुलपाखरू, वय तेरा. मला ती पहिल्या आठवड्यापासून खटकत होती. ऐन शाळेच्या वेळेत तिचे मेसेज येऊन पडत. तिला कधी कोणी जेवायला हाक मारत नसे, अभ्यासावरून ओरडत नसे. अशी तेरा वर्षांची मुलगी मी तरी पाहिली नव्हती. तिने स्वतःचे दोन फोटो पाठवले. दोन्हींत चेहऱ्यावर फुलाचं चित्र चिकटवलेलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मला हाक मारता येत नाही. येईल ते दाखवायचं, एवढंच माझं काम.

मग एका दुपारी आलं: 'माझी आईपण शिवते. तुला फ्रॉक शिवतेय. मापं पाठव. टेप अंगावर धरून फोटोही काढ, म्हणजे चूक होणार नाही. पाचच्या आत हं. आईला सांगू नकोस, गंमत आहे.'

दुसऱ्या घरातली मुलगी इथे दचकली असती. या घरात माप विचारणं म्हणजे 'बरी आहेस ना' विचारण्यासारखं. टाचणीने टेप उचलली. कंबर मोजून लिहिली, बाही लिहिली आणि खांद्यापाशी अडली. स्वतःचा खांदा स्वतःला नीट मोजता येत नाही.

साडेचार वाजले होते.

"आई, खांदा मोज ना माझा."

"कशाला गं? परवाच मोजला. दोन दिवसांत ताडमाड झालीस की काय?"

"असंच."

"असंच कोणी मोजत नाही. शिवतंय कोण?"

 टाचणीने मला हळूच पुढे सरकवलं.

आईने सगळं वाचलं. मला वाटलं, आता मी भिंतीवर आपटतो. पण तिने ते दोन फोटो मोठे करून पाहिले. एकदा हा, एकदा तो.

"ही एकच मुलगी?"

"हो. फुलपाखरू."

"हिचा खांदा उतरता आहे. आणि ही बघ, हँगर गिळल्यासारखी ताठ. वीस वर्षं खांदेच बघतेय मी. या दोन वेगळ्या मुली आहेत."

"मग माझ्याशी बोलतंय कोण?"

आईने सगळे मेसेज पुन्हा वरपासून चाळले. 

"पाठवलंस का काही?"

"नाही अजून. तू रागावलीस?"

"रागावले. तुझ्यावर नाही."

तिने एक अक्षरही पुसलं नाही. फुलपाखराला ब्लॉक केलं आणि दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून, टाचणीचा हात धरून पोलिसांकडे गेली. टाचणीच्या तिथल्या खेपा अजून चालू आहेत. फुलपाखरू कोण, हे अजून कळलेलं नाही. एवढं नक्की, ते कुठेतरी आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला जपा, पण माझ्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. काचेपलीकडे कोण बसलंय, ते मलाही दिसत नाही. जो 'घरी सांगू नकोस' म्हणतो, त्याच्याबद्दल आधी घरी सांगा. आणि मोठ्यांनो, ओरडण्याआधी वाचा.

फुलपाखराचा पहिला मेसेज आला, तेव्हा आई टेबलाच्या पलीकडेच बसून बटणं लावत होती.